आई-बाबांना इंग्लंडचा समुद्र दाखवायचाय: ब्रायटन, बोर्नमथ, ब्लॅकपूल की आणखी कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: “आम्ही लंडनच्या हॅरोला राहतो. जुलैच्या शेवटी रत्नागिरीहून आई-बाबा येताहेत. बाबा ७२ वर्षांचे, आई ६८ची, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. मुलं ९ आणि ४ वर्षांची. आमच्याकडे गाडी नाही. आई पूर्ण शाकाहारी, बाबांना मासे हवेत. ब्रायटन, बोर्नमथ, ब्लॅकपूल अशी नावं सगळे सुचवतात. एका दिवसात यातलं कुठलं करावं? पाण्यात उतरता येईल ना?”

भारतातून येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या इंग्लंडमधल्या सहली आखून देणं हे माझं काम आहे आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच. तुमच्यापुरतं उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. एकच दिवस असेल तर मार्गेट. दुसरा दिवस काढता आला तर ब्रायटन, पण तिथे वाळूची अपेक्षा न ठेवता. बोर्नमथला जायचं तर एक रात्र मुक्काम करा. ब्लॅकपूल या खेपेला सोडून द्या.

रत्नागिरीच्या माणसाला इंग्लंडचा ‘बीच’ दाखवायला निघालात तर बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते. भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे ज्यांच्या दाराशी आहे, त्यांना इथली वाळू आणि इथलं पाणी पाहून काय वाटणार? बाबा पाच मिनिटं उभे राहतील, “छान आहे” म्हणतील आणि जॅकेटची चेन वर ओढतील. इथे पाहायचं असतं ते समुद्राच्या काठाने वसलेलं गाव. लोखंडी खांबांवर समुद्रात शिरलेला पिअर, मैलभर सपाट फरसबंदी रस्ता, दर पन्नास पावलांवर बाक, रंगीत लाकडी खोल्यांची रांग, बँडस्टँड, चहाची दुकानं. कोकणात समुद्र हा कामाचा आहे, मच्छीमारांचा आहे. इथे गेल्या पावणेतीनशे वर्षांत समुद्राभोवती सुट्टीची एक अख्खी संस्कृती उभी राहिली. आई-बाबांना ती दाखवा, ते रमतील.

हे सगळं सुरू झालं औषध म्हणून. १७५०मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी गाठींच्या विकारांवर गुणकारी आहे असा प्रबंध लिहिला. ते पाणी अंगावर घ्यायचंच नव्हे, प्यायचंसुद्धा होतं. ते स्वतः ब्रायटनला येऊन राहिले, त्यांच्यामागून श्रीमंत रोगी आले, रोग्यांमागून राजपुत्र आला. १८४१मध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे सुरू झाली आणि मग कारकून, कामगारही एका दिवसासाठी येऊ लागले. उत्तरेत हाच प्रकार कापड गिरण्यांमुळे झाला. लँकाशायरमधल्या एकेका गिरणी-गावाला वर्षातून एक आठवडा सुट्टी असे, सगळ्या गिरण्या एकदम बंद होत आणि अख्खं गाव रेल्वेने ब्लॅकपूलला लोटे. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात याच गिरण्यांना कापूस मुंबई बंदरातून जात होता आणि त्या पैशातून मुंबईत केवढी उलथापालथ झाली हे आपल्याला माहीत आहेच. ब्लॅकपूलचा १५८ मीटर उंच टॉवर १८९४मध्ये उघडला. बाबांना इतिहासाची आवड असेल तर हे गाव त्यांना नक्की आवडेल. पण लंडनहून प्रेस्टनला गाडी बदलून जायला तीन तासांच्या आसपास लागतात आणि तितकेच परत यायला. गुडघेदुखी असलेल्या माणसाला एका दिवसात हे करायला लावू नये. पुढे कधी मँचेस्टर किंवा लेक डिस्ट्रिक्टला गेलात तर शरद ऋतूत तिथली रोषणाई पाहता येईल अशा बेताने दोन रात्री राहा.

आता भरती-ओहोटी. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या बहुतेक भारतीय कुटुंबांचा दिवस इथे फसतो. तारीख ठरवायची, तिकीट काढायचं, हवामान बघायचं आणि भरतीचं वेळापत्रक मात्र कोणी उघडायचं नाही! बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. उधाण कधी आणि भांग (कमी चढउताराची भरती) कधी हे ते तिथीवरून सांगतील, आणि तो हिशेब इथेही तसाच लागू पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास फरक कमी. ठिकाणा-ठिकाणांत फरक पडतो तो किनाऱ्याच्या आकारामुळे. ब्रिस्टलच्या खाडीत पाणी नरसाळ्यासारखं अरुंद होत आत शिरतं, त्यामुळे वेस्टन-सुपर-मेअरला मोठ्या उधाणात चढउतार १२ मीटरच्याही पुढे जातो. मुंबईत तो पाचेक मीटर असतो, यावरून कल्पना येईल. ओहोटीला तिथे समुद्र नजरेच्या पार जातो आणि मागे उरतो तो चिखल. त्या चिखलात पाय रुतून लोक अडकतात, म्हणून जागोजागी इशाऱ्याच्या पाट्या आहेत. थेम्सच्या मुखाशी असलेल्या साउथएंडलाही ओहोटीला मैलभर चिखलच दिसतो. तिथला पिअर २ किलोमीटरहून लांब, जगातला सर्वांत लांब करमणुकीचा पिअर आहे, तो एवढा लांब बांधावा लागला याचं कारणच हे. ओहोटीतही आगबोटींना लागता यावं म्हणून तो खोल पाण्यापर्यंत नेला. त्यावरून छोटी आगगाडी धावते आणि मुलांना ती फार आवडते. पण भरतीची वेळ न बघता तिथे पोचलात तर पिअरच्या दोन्ही बाजूंना राखाडी रेंदा आणि लांबवर पाण्याची एक रेघ एवढंच दिसेल.

बोर्नमथला उलट आहे. तिथे चढउतार जेमतेम २ मीटरच्या आसपास, म्हणून दिवसभर कधीही जा, पाणी जवळच असतं. वाळू पिवळी आणि बारीक, सात मैल सलग. लहान मुलांना घेऊन पाण्यात खेळायचं तर दक्षिण किनाऱ्यावर याहून सोयीचं ठिकाण मला ठाऊक नाही. अडचण अंतराची आहे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून दोन तास, त्याआधी हॅरोहून वॉटर्लू, आणि स्टेशनपासून समुद्र बराच चालत किंवा बसने. शिवाय गाव कड्यावर आणि वाळू कड्याखाली, त्यामुळे चढणं-उतरणं आहेच. मुक्काम असेल तर सगळं सोपं होतं. संध्याकाळी सहानंतर दिवसभराची गर्दी परत जाते, उजेड आणखी तीन तास असतो आणि तोच तिथला सगळ्यात सुंदर वेळ.

मार्गेट का, ते सांगते. तुमच्या हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइन थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला जाते. तिथूनच केंटकडे जाणारी हाय-स्पीड गाडी सुटते आणि दीड तासाच्या आसपास मार्गेटला पोचते. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्ता सपाट, पाच मिनिटांत समोर समुद्र. आईला एकही जिना चढावा लागत नाही. वाळू खरीखुरी वाळू आहे, किल्ले बांधता येतील अशी. ओहोटीला पाणी इथेही लांब जातं, पण मागे चिखल राहत नाही, ओली घट्ट वाळू राहते, आणि समुद्राचं पाणी अडवून ठेवणारा एक हौद किनाऱ्यावरच बांधलेला आहे. चार वर्षांच्या मुलाला गुडघाभर पाण्यात भिजायला हा हौद पुरतो, पण कडा निसरड्या असतात, तेव्हा हात सोडू नका.

दुसरं कारण सूर्यास्ताचं. कोकणातल्या माणसाला सूर्य समुद्रातच बुडालेला हवा असतो. इंग्लंडचा दक्षिण किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि उन्हाळ्यात सूर्य इथे वायव्येला मावळतो, म्हणजे ब्रायटनला जुलैत तो गावामागे जातो. मार्गेटची मुख्य वाळू उत्तर-पश्चिमेकडे उघडी आहे. जुलैअखेरीस नऊच्या सुमारास सूर्य थेट पाण्यात उतरताना दिसतो. चित्रकार टर्नर पुन्हापुन्हा इथे येत असे ते या आकाशासाठी. २०११मध्ये त्याच्या नावाने उघडलेलं टर्नर कंटेम्पररी हे कलादालन समुद्राला लागूनच आहे, प्रवेश फुकट. पाऊस आला तर थेट तिथे शिरा. आत उबदार असतं, स्वच्छ स्वच्छतागृहं आहेत आणि मोठ्या काचेतून समुद्र दिसत राहतो. मुलांसाठी गावात शेल ग्रोटो आहे, १८३५मध्ये सापडलेलं भुयार, ज्याच्या भिंतींवर लाखो शिंपल्यांची नक्षी आहे. ती कोणी केली आणि कशासाठी, याचा उलगडा आजवर झालेला नाही. उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा आईला वाटल्यास वर बसू द्या.

मार्गेटपासून गाडीने एकच स्टेशन पुढे ब्रॉडस्टेअर्स आहे. धनुष्याकृती छोटी खाडी, तिच्यावर बागा, खाली वाळू. दोन्ही गावं एका दिवसात होतात, पण माझा आग्रह असतो की करू नका. आपल्याकडे सहल म्हणजे ‘पॉइंट’ उरकायचे अशी सवय झाली आहे. इथली मंडळी समुद्रावर काय करतात हे एकदा नीट बघा. बाकावर बसतात. थर्मासमधला चहा ओततात. वारा फार असेल तर गाडी समुद्राकडे तोंड करून उभी करतात आणि काचा वर करून आतच बसतात, तासभर, काही न बोलता. बाकांच्या पाठीवर पितळी पट्ट्या असतात, त्यांवर कोणाचं तरी नाव, जन्म-मृत्यूची दोन सालं आणि एखादी ओळ, बहुतेक वेळा “हिला ही जागा फार आवडायची” अशा अर्थाची. आईला त्या वाचून दाखवा. माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी आजी अशा बाकांवर बसून जितक्या मोकळेपणाने बोलल्या, तितक्या कुठल्याही राजवाड्यासमोर बोलल्या नाहीत. बसायला वेळ ठेवा.

ब्रायटन. लंडन व्हिक्टोरियाहून तासाभराचा प्रवास, सेंट पँक्रसहूनही थेट गाडी आहे, म्हणून सगळे हेच सुचवतात. आधी कळलेलं बरं की इथे वाळू नाही, गोटे आहेत. अंड्याएवढे, मुठीएवढे, करडे-तपकिरी, आणि किनारा पाण्याकडे चांगलाच उतरता. पाऊल टाकलं की गोटे सरकतात, घोटा वळतो, आणि परत वर चढताना दोन पावलं पुढे गेलं की एक मागे. अनवाणी चालणं शक्यच नाही, चपलेत गोटे शिरतात, मागे पट्टा असलेले बूट लागतात. मधूनमधून समुद्रात शिरलेले बांध दिसतील. लाटा तिरप्या येतात आणि गोटे सतत पूर्वेकडे वाहून नेतात, ते धरून ठेवायला हे बांध घातले आहेत. म्हणूनच बांधाच्या एका बाजूला गोट्यांचा ढीग उंच असतो आणि दुसऱ्या बाजूला खोलगट. मुलांनी त्यांवर चढू नये. लाट मागे फिरताना हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली जातात, तो आवाज मात्र कोकणात ऐकायला मिळत नाही. वरच्या रस्त्यावरच्या कठड्याला टेकून तो ऐका. आईने खाली उतरायलाच हवं असं काही नाही.

मग ब्रायटनला न्यायचं कशाला? रॉयल पॅव्हिलियनसाठी. घुमट, मिनार, जाळ्या, अगदी आपल्याकडचा राजवाडा वाटावा असा हा प्रकार जॉन नॅश या वास्तुविशारदाने १८१५पासून पुढच्या काही वर्षांत राजपुत्रासाठी, म्हणजे नंतरच्या चौथ्या जॉर्जसाठी उभा केला. आत गेल्यावर मात्र सगळी सजावट चिनी धाटणीची. पण आपल्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट पुढची आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी याच राजवाड्यात इस्पितळ होतं. झुंबरांखाली खाटांच्या रांगा. वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी नऊ वेगळी स्वयंपाकघरं, प्रत्येक वॉर्डात हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे निराळे नळ. त्यावरचं दालन आत आहे, ते चुकवू नका. बागेच्या दक्षिण टोकाचं दगडी प्रवेशद्वार हिंदुस्थानच्या लोकांनी आणि संस्थानिकांनी कृतज्ञता म्हणून दिलं, १९२१मध्ये.

जे वाचले नाहीत त्यांच्यापैकी ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. मुसलमान सैनिकांना वोकिंगला दफन केलं. दहनाच्या जागेवर पांढऱ्या संगमरवराची आठ खांबांची छत्री उभी आहे, १ फेब्रुवारी १९२१ला तिचं अनावरण झालं. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या भारतीय वास्तुविशारदाचा. आजूबाजूला गवताळ उतार, मेंढ्या, आणि लांब खाली समुद्र. तिथपर्यंत गाडी जात नाही, पॅचमच्या बाजूने शेतातल्या पायवाटेने मैलभराहून जास्त चढ आहे. आईला हे जमणार नाही. बाबांची तब्येत ठणठणीत असेल तर तुम्ही आणि बाबा दोघंच जाऊन या. तोवर बाकीचे किनाऱ्यालगतच्या छोट्या विजेच्या गाडीत बसतील. ती १८८३पासून धावते, आणि इतकी जुनी विजेवरची रेल्वे जगात दुसरीकडे कुठे अजून चालू नाही. जून महिन्यात छत्रीपाशी दरवर्षी सैनिकांना मानवंदना देतात.

याच गावात पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी समुद्राकाठी स्नानगृह काढून चंपी-मालिश सुरू केली आणि दोन इंग्लिश राजांपर्यंत त्यांची ख्याती पोचली. १८५१मध्ये ते ब्रायटनमध्येच वारले. एवढं सगळं आपलं जिथे आहे, तिथे लोक पिअरवर आइस्क्रीम खाऊन परत येतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

ब्रायटनची एक व्यवहारी सूचना. स्टेशनपासून समुद्र सरळ रस्त्याने पंधरा मिनिटांवर, पण जाताना उतार, म्हणजे दमून परततानाच चढ. परतीला बस घ्या.

बाबांच्या माशांचा प्रश्न आहे, तेव्हा हेस्टिंग्जचंही नाव लिहून ठेवा. लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनहून पावणेदोन तासांच्या आत-बाहेर. तिथे बंदर नाही, मासेमारी बोटी अजूनही गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून वर घेतात आणि तिथूनच समुद्रात ढकलतात. मागे जाळी ठेवायच्या काळ्या डांबरी लाकडी खोल्या, जागा कमी म्हणून उंचच उंच बांधलेल्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आयुष्य गेलेल्या माणसाचं तिथे बोटीच्या मालकाशी भाषेवाचून जमतं हे मी पाहिलं आहे. शेजारीच ताजी मासळी विकणारी दुकानं आहेत. बांगड्याचा इथला भाऊबंद, मॅकरेल, उन्हाळ्यात मिळतो, घरी आणून तिखलं करा.

आईच्या जेवणाबद्दल नीट वाचा, कारण यात फसगत होते. ‘चिप्स म्हणजे बटाटा, मग शाकाहारीच’ हे इथे गृहीत धरता येत नाही. उत्तरेत, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, बरीच जुनी दुकानं मासे आणि चिप्स दोन्ही गाईच्या चरबीत तळतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण मासा आणि बटाटा एकाच कढईत पडलेला असू शकतो. ऑर्डर देण्याआधी खिडकीशी दोन प्रश्न विचारा: कशात तळता, आणि चिप्सची कढई वेगळी आहे का? न लाजता विचारा, लोक सरळ उत्तर देतात. भाजलेल्या बटाट्यावर चीज किंवा बीन्स, स्कोन आणि जॅम, टोस्ट, हे कॅफेमध्ये मिळतं. मऊ गोळ्या आणि मार्शमेलोमध्ये जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, पाकीट वाचून घ्या. पण माझा सरळ सल्ला असा की घरून डबा न्या. दशम्या, चटणी, बटाट्याची भाजी, केळी. समुद्रावर घरचं खाणं हा इथल्याही लोकांचा जुना रिवाज आहे, कोणी वळूनही बघत नाही. कचरा तेवढा पिशवीत परत आणा.

डबा उघडताना पाठ भिंतीला लावून बसा. इथले समुद्रपक्षी मोठे आणि धीट असतात, मागून झडप घालून हातातला घास नेतात. चार वर्षांच्या मुलाच्या हातात उघडं आइस्क्रीम देऊन मोकळ्यावर उभं करू नका. लहान मूल घाबरलं की पुढचा सगळा दिवस रडतं.

पाण्यात उतरता येईल का? येईल, पण नियम पाळून. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडचं पाणी १७-१८ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडचं समुद्राचं पाणी त्याहून दहा अंशांनी तरी गरम. एकदम आत शिरलं की श्वास अडकतो, छाती धडधडते, आणि पोहणारा माणूसही पहिल्या मिनिटभरात घाबरून पाणी गिळतो. बाबा कितीही पट्टीचे पोहणारे असोत, आधी घोटे, मग गुडघे, मानेवर पाण्याचा हात, असं हळूहळू. तरीही दम लागला तर हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहायचं, श्वास जागेवर येतो. हे मुलांना घरीच शिकवून ठेवा.

जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच उतरा. आरएनएलआय ही १८२४पासून देणग्यांवर चालणारी संस्था बऱ्याच किनाऱ्यांवर हंगामात साधारण दहा ते सहा जीवरक्षक ठेवते. लाल-पिवळे दोन झेंडे दिसले की त्यांच्या मधल्या पाण्यात राहायचं. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा म्हणजे ते पाणी लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्यांचं. नुसता लाल झेंडा असेल तर कोणीही उतरायचं नाही. नारिंगी रंगाची वाऱ्याने फुगणारी पिशवी टांगलेली असली तर वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतोय, हवा भरलेली खेळणी पाण्यात नेऊ नका. मी तर म्हणते कधीच नेऊ नका. बदकाच्या आकाराची ती ट्यूब मूल वर बसलेलं असताना बघता बघता पाचशे फूट आत जाते. संकट आलं तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागायचा, पोलीस नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना मला जड जातं. ऑगस्ट २०१६मध्ये ससेक्समधल्या कॅम्बर सँड्स या सुंदर, सपाट वाळूच्या किनाऱ्यावर लंडनहून आलेले पाच तरुण मित्र एकाच दिवशी बुडाले. श्रीलंकन वंशाची, आपल्यासारखीच घरं होती ती. तिथे तेव्हा जीवरक्षक नव्हते, त्यानंतर नेमले गेले. अशा सपाट किनाऱ्यांवर ओहोटीला वाळूचे उंचवटे उघडे पडतात, लोक चालत लांबवर जातात, आणि भरतीचं पाणी समोरून यायच्या आधी मागच्या खोलगट पट्ट्यांमधून भरतं. परतीची वाट तोवर बंद झालेली असते. म्हणून ओहोटीला चालायला जाताना ओहोटी संपायची वेळ माहीत हवी आणि त्याआधीच मागे फिरायला हवं. कड्यांचंही तसंच. ससेक्समधल्याच बीची हेडचा पांढरा कडा १६२ मीटर उंच आहे, खडू दगडाचा, ठिसूळ. काठ आतून पोखरलेला असतो आणि वरून कळत नाही. फोटोसाठी काठावर जाणं नको, कड्याच्या पायथ्याशी डबा खात बसणंही नको.

पाण्याच्या स्वच्छतेविषयी. जोराच्या पावसानंतर इथल्या गटार कंपन्या सांडपाणी समुद्रात सोडतात, हे दुर्दैवाने खरं आहे आणि त्यावरून देशभर संताप आहे. १५ मे ते ३० सप्टेंबर या काळात सरकारी पर्यावरण खातं स्नानाच्या किनाऱ्यांचं पाणी तपासतं. किनाऱ्यावरच्या पाटीवर उत्कृष्टपासून वाईटपर्यंत चारपैकी एक दर्जा लिहिलेला असतो, आणि रोजची स्थिती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. आदल्या दोन दिवसांत मुसळधार पाऊस झाला असेल तर मुलांना पाण्यात सोडू नका, वाळूत खेळू द्या.

कपड्यांचं एका वाक्यात: ऊन कितीही असो, वारा थांबवणारं जॅकेट, कानटोपी आणि आईसाठी मोजे पिशवीत हवेतच, साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा. किनाऱ्यावर लोक वाऱ्याच्या दिशेने कापडी आडोसा ठोकतात, तो स्वस्तात मिळतो आणि चार-पाच जणांना पुरतो. सनस्क्रीन लावाच, गार वाऱ्यात चटका जाणवत नाही आणि रात्री मुलांच्या खांद्यांची आग होते.

तिकिटाचं शेवटी. तुम्ही चार मोठे आणि एक ९ वर्षांचा, धाकटा पाचच्या आत म्हणून फुकट. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड एक घेतलं की मोठ्यांना एक-तृतीयांश आणि मुलाला ६० टक्के सूट मिळते, दोन सहलींत कार्डाची किंमत वसूल व्हायला हरकत नाही. हे कार्ड लंडनच्या आसपास कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत चालत नाही, म्हणून साडेनऊनंतरची गाडी धरणं सोयीचं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात. आई-बाबांना घेऊन रविवार टाळा, ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची सुट्टीही टाळा. मंगळवार-बुधवार उत्तम. आधी भरतीचं वेळापत्रक उघडा, मार्गेटला दुपारी दोन-तीनच्या सुमारास पूर्ण भरती येणारा वार निवडा, मग हवामान बघा आणि आदल्या रात्री तिकीट काढा.